सापडलेला कागद आणि लागू असलेला कागद

कचेरीत माहिती नाही असे सहसा घडत नाही. ती असते, परंतु थोडी दफ्तरातील गठ्ठ्यात, थोडी सामायिक फोल्डरात, थोडी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या ईमेलमध्ये आणि उरलेली व्हॉट्सॲपच्या एखाद्या समूहात, अशी पांगलेली असते. ती एकत्र शोधून देणारे साधन घडवण्याचे काम आमच्या वाचकांपैकी अनेकांकडे सध्या चालून येत आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा आरंभ पडद्यावरील शोधचौकटीच्या रेखाटनापासून होतो, ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते.

असेच एक काम हाती घेण्यापूर्वी एका कचेरीच्या आस्थापना शाखेत चार दिवस नुसते बसून राहण्याचा योग आम्हांस आला. कोण काय विचारतो एवढेच टिपून घ्यायचे, असे ठरले होते. दुसऱ्या दिवशी एक तरुण लिपिक बाई निवृत्तीला आलेल्या अव्वल कारकुनांच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, “काका, शिपाईमामा वारले, त्यांच्या शिल्लक रजेचे पैसे घरच्यांना मिळतात ना? कागद कोणता लावू?” काकांनी खण ओढला, दोन कागद काढले, आणि पहिल्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेल्या ‘सुधारित, पुढचा पाहा’ या शब्दांवर बोट ठेवून दुसरा कागद बाईंच्या हाती दिला. सगळ्या व्यवहाराला एक मिनिटही लागले नाही.

हेच काम यंत्रास सांगितले असते तर काय झाले असते, हे विचार करण्याजोगे आहे. बाईंच्या तोंडी ‘रजेचे पैसे’ हे शब्द होते. कागदावर ‘अर्जित रजेचे रोखीकरण’ असे लिहिले होते. शिवाय मराठीत ‘रजा’ हा शब्द विभक्तिप्रत्यय लागताच ‘रजेचा’, ‘रजेसाठी’, ‘रजांचे’ अशी रूपे धारण करतो, आणि अक्षरास अक्षर जुळवणाऱ्या शोधास ही भावंडे एकमेकांची ओळखही दाखवीत नाहीत. त्यात युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित झालेले जुने मसुदे असतील, तर मनुष्याच्या डोळ्यांस जेथे स्वच्छ मराठी दिसते तेथे यंत्रास केवळ रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. आणि परिपत्रकाचे नुसते छायाचित्र काढून ठेवले असेल, तर त्यातील मजकूर ओळखून घेतल्यावाचून तेवढेही हाती लागत नाही. ही रूपांतराची कामे कंटाळवाणी असल्यामुळे ती ‘पुढील टप्प्यात’ ढकलण्याकडे आपला कल असतो. आमच्या मते तीच पहिल्या टप्प्यातील कामे होत.

कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 साली असे दाखवून दिले की, जो शब्द थोड्या कागदांत येतो त्यास शोधात अधिक वजन द्यावे. ‘संदर्भ’, ‘विषय’, ‘दिनांक’ हे शब्द आपल्याकडील प्रत्येक पत्रावर असतात, म्हणून शोधाच्या दृष्टीने ते जवळजवळ मुके आहेत. ‘रोखीकरण’ मात्र बोलका आहे. हे तत्त्व आज बहुतेक तयार प्रणालींत अंगभूत असते. परंतु या गणिताने संबद्ध कागद वर आला तरी तो आज अंमलात आहे किंवा नाही, हे त्यास उमजत नाही. किंबहुना जुना आणि रद्द झालेला निर्णय पुष्कळदा अधिक सविस्तर असल्यामुळे तोच मानाने अग्रभागी येऊन बसतो. अशा कागदाच्या आधारे केलेली तजवीज लेखापरीक्षणात परत येते, तेव्हा दोष शोधसाधनास लागत नाही, लिपिकास लागतो.

म्हणून साधनाच्या रचनेत सर्वांत मोलाची वस्तू आम्ही त्या पेन्सिलीच्या टाचणास समजतो. शासन निर्णयांतून ‘अधिक्रमित’ अथवा ‘अंशतः सुधारणा’ असे शब्द येतात, त्यांवरून नव्याजुन्या कागदांची साखळी पुष्कळशी जोडता येते. पण अंशतः सुधारणेत कोणता परिच्छेद उरला आणि कोणता गेला, हे जाणत्या माणसाने एकदा नोंदवावेच लागते. प्रत्येक उत्तराशेजारी कागदाची तारीख, अंमलाची स्थिती आणि खात्री करून घेण्यासाठी विचारावयाच्या इसमाचे पदनाम असावे. आणि काहीच न सापडल्यास साधनाने तसे सरळ सांगावे, ओढूनताणून दहा कागद पुढे करू नयेत. चौकशीचे अथवा वैद्यकीय कागद ज्याला पाहण्याचा अधिकार नाही, त्याच्या यादीत त्यांचे नावही उमटू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या अधिनियमाने, कलम 4 अन्वये, अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका ठेवणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक केलेलेच आहे. ज्या कचेरीत ते काम मनापासून झाले आहे, तेथे आपले निम्मे ओझे आधीच उतरलेले असते. अशा कचेऱ्या आमच्या पाहण्यात फार नाहीत.

वर सांगितलेल्या कचेरीत पडद्यावरील चौकट तूर्त तयार झालेली नाही. खणातील टाचणे नोंदवहीत उतरवण्याचे काम मात्र सुरू झाले आहे. दुपारच्या चहानंतर काका अर्धा तास सांगतात आणि त्याच लिपिक बाई लिहून घेतात.