ज्याला खुनी माहीत आहे

जुना रहस्यपट घरात लावायचा असेल तर टीव्ही किती इंची आहे याची चौकशी नंतर करा. आधी घरातला असा एक माणूस शोधा, ज्यानं तो सिनेमा पाहिलेला आहे आणि जो शेवटपर्यंत तोंड उघडणार नाही. पहिल्या अटीत बसणारे ढीगभर मिळतात. दुसऱ्या अटीवर भलेभले गळतात.

शेवट कळला की मजा गेली, असं आपण हल्ली धरूनच चालतो. नवी मालिका आली की ती बघून होईपर्यंत लोक व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप उघडत नाहीत. मला हे अर्धंच पटतं. फ्रान्स्वा त्रुफोनं घेतलेल्या आल्फ्रेड हिचकॉकच्या मुलाखतींचं पुस्तक १९६६ साली आलं. त्यात हिचकॉकनं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं आहे, ते आता सिनेमाच्या प्रत्येक वर्गात सांगतात. दोन माणसं टेबलाशी बसून इकडचंतिकडचं बोलताहेत आणि खाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला त्याचा पत्ता नसेल तर स्फोट झाल्यावर त्याला पंधरा सेकंदांचा धक्का बसेल. पण बॉम्ब ठेवलेला त्यानं पाहिला असेल, तर त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं त्याचा जीव टांगणीला लावतील.

घरच्या सतरंजीवर हे दोन्ही प्रेक्षक मांडीला मांडी लावून बसलेले असतात. एकाला बॉम्ब ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही. थेटरात असले तरी ते एकमेकांना अनोळखी असतात, आणि अंधारात अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघत बसणं बरं दिसत नाही. घरात ते चालतं. जुने भीतिपट घरच्यांबरोबर बघावेत असं मी म्हणते, ते एवढ्यासाठीच.

‘वो कौन थी?’ (१९६४) घ्या. पावसाची रात्र, डॉक्टर मनोजकुमार गाडी चालवतोय, मध्येच रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना उभी. तो तिला गाडीत घेतो. वायपर बंद पडतात. त्याला समोरचं काही दिसेना, तिला मात्र रस्ता स्वच्छ दिसतोय, आणि ती त्याला नेते ती कब्रस्तानापाशी. फाटक आपोआप उघडतं. आमच्याकडे हा सिनेमा लावला तेव्हा बारावीतली भाची पहिली दोन मिनिटं साडीवर विनोद करत होती. वायपर थांबले तशी तीही थांबली. सासूबाईंनी हा सिनेमा लग्नाआधी, आला तेव्हाच पाहिलेला. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर भाचीवर होती आणि चेहऱ्यावर बाईंचा तो जुना भाव होता, पेपर हातात घेऊन वर्गात उभं राहिल्यासारखा. जन्मभर मास्तरकी केल्याचा हा फायदा. पुढे काय होणार याचा एक सुरकुतीएवढासुद्धा सुगावा त्यांनी लागू दिला नाही.

याच्या उलट आमची आत्या. ती शेवट सांगत नाही, असं तिचं ठाम म्हणणं आहे. ती फक्त मदत करते. ‘त्या माळ्याकडे लक्ष ठेव हं’, ‘आत्ता तो काय म्हणाला ते ऐकलंस ना नीट?’, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणी कुणावर संशय घेतला की गरिबाची कीव आल्यासारखं ‘नाही गं बाई, हा नाहीये’. चार वेळा ‘हा नाहीये’ झालं की उरतं कोण? फोनवर हळूच शेवट शोधून काढणाऱ्या पोरांना मी एकवेळ माफ करीन. ती निदान स्वतःपुरतीच वाट लावतात.

पण शेवट माहीत असूनही सिनेमा धरून ठेवतो का, याची खरी परीक्षा आपल्या भाषेतच घेता येते. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४चा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. नायक वकील आहे, त्याची बायको वारली आहे, आणि एके दिवशी पोलिसांनी पकडलेली एक बाई हुबेहूब तिच्यासारखी निघते आणि म्हणते, मीच तुमची बायको. काशिनाथ घाणेकर आणि भावना. दोनच वर्षांत राज खोसलांनी हीच गोष्ट हिंदीत नेली, सुनील दत्त आणि साधनाला घेऊन. तोच ‘मेरा साया’. दोन्ही सिनेमे लागोपाठच्या शनिवारी लावून बघा. दुसऱ्या शनिवारी घरातल्या प्रत्येकाला ती बाई कोण ते माहीत असतं, तरी कोर्टाच्या प्रसंगात कुणी उठत नाही. पहिल्यांदा आपण त्या बाईवर नजर ठेवून असतो. दुसऱ्यांदा लक्ष वकिलाकडे जातं: हा माणूस स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवायला इतका का घाबरतोय? माझं मत विचाराल तर कोर्ट ‘पाठलाग’मध्ये जास्त खरं वाटतं आणि साधना भावनापेक्षा जास्त अस्वस्थ करते. सासूबाईंना यातलं पहिलं मान्य आहे, दुसरं नाही.

माझी स्वतःची या प्रकाराशी ओळख दूरदर्शनवर झाली. मुंबई केंद्रावर शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा आणि रविवारी हिंदी. आमच्या चाळीत टीव्ही मोजक्या घरांत होते, त्यामुळे ज्या घरी टीव्ही त्या घरी बाहेर चपलांचा ढीग. सिनेमाच्या मध्येच बातम्या लागायच्या. प्रेमकथेत या बातम्यांचा राग यायचा. रहस्यपटात मात्र त्या वेळात सगळी चाळ तपास हाती घ्यायची. जिन्यात एक पक्ष, गॅलरीत दुसरा, आणि टीव्हीचे मालक ‘मला माहितीये पण मी सांगणार नाही’ या थाटात आरामखुर्चीत. ओटीटीवर हे सुख उरलेलं नाही. म्हणून आम्ही घरी नियमच केला आहे: बरोबर मध्यावर सिनेमा थांबवायचा, प्रत्येकानं चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं, चिठ्ठ्या डब्यात, मग पुढे. ज्यांना माहीत आहे त्यांनी कोरी चिठ्ठी टाकायची.

त्या काळातली दुसरी एक गोष्ट मात्र मला परत यायला नको आहे. ‘बीस साल बाद’ (१९६२) माझ्या आईनं किती वेळा पाहिला असेल कोण जाणे, पण शेवटची वीस मिनिटं तिनं म्हातारपणापर्यंत पाहिलेली नव्हती. सिनेमा संपत आला की पाहुण्यांचा चहा, मग पोळ्या. वहिदा आणि विश्वजीत, दलदल, रात्री ऐकू येणारं ते गाणं, सगळं तिला पाठ. खून कोण करतंय ते माहीत नाही! मूळ आधार शेरलॉक होम्सच्या ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’चा, पण आईच्या बाबतीत रहस्य ओट्यापाशीच दडून राहिलं. विचारून घ्यायचं ना, असं मी म्हटलं तर म्हणाली, ‘विचारलं तर कळेल की, पण मग बघायचं काय?’

सायको १९६० साली लागला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असं हिचकॉकनं थेटरवाल्यांना बजावलं होतं. हा नियम मराठी घरात लावायचा तर त्याचा अर्थ एकच निघतो: कुकर आधी. कांदेपोहे, भजी, जे काय असेल ते सिनेमा सुरू व्हायच्या आत ताटलीत. मध्येच चहाची हुक्की आली तर ज्याला आली त्यानं उठावं आणि तेवढा सिनेमा गमवावा. प्रेमकथेत घरातली बाई दहा मिनिटं आत गेली तर गाण्याचं एक कडवं चुकतं. रहस्यपटात तिचा अख्खा सिनेमा जातो. पुरुषमंडळींना हे समजावताना मी नेहमी आईच्या वीस मिनिटांचा दाखला देते. काहींना पटतं.

आता थोडं आवाजाविषयी, कारण या सिनेमांतली भीती डोळ्यांतून कमी आणि कानांतून जास्त शिरते. ‘महल’ (१९४९) बॉम्बे टॉकीजचा. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, खेमचंद प्रकाश यांचं संगीत, अशोककुमार आणि कोवळी मधुबाला. ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या ओळी दुरून जवळ येत असल्यासारख्या वाटतात. तेव्हा हे यंत्रात करायची सोय नव्हती. लता मंगेशकर मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात चालत त्याच्याकडे आल्या. रेकॉर्डवर गायिका म्हणून पहिल्यांदा नाव छापलं होतं ते ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. इतर सिनेमांत भूत गाणं म्हणतं. इथे गाणं हेच भूत आहे. म्हणून रहस्यपटात गाणी नकोतच, असं म्हणणाऱ्यांशी मी या एका सिनेमाच्या जोरावर भांडते. (‘गुमनाम’मधल्या सगळ्या गाण्यांच्या बाजूनं मी भांडणार नाही.) दिवे घालवून, आवाज बेताचा ठेवून बघा. कृष्णधवल सिनेमातला अंधार ट्यूबलाइटखाली नुसता राखाडी दिसतो.

गाणी नको असतील तर यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) आहे. एका गुजराती नाटकावरून घेतलेला, एक रात्र, जवळजवळ सगळा एका घरात, गाणं एकही नाही. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला राजेश खन्ना आणि घरात एकटी नंदा. मास्टर विनायकांची मुलगी म्हणून आमच्याकडच्या जुन्या पिढीचा नंदावर आंधळा विश्वास आहे. या सिनेमात तो विश्वास कितपत टिकतो ते बघायला सासूबाईंशेजारची जागा मी आधीच अडवून ठेवते.

मुलांना काय दाखवावं, हा प्रश्न नेहमी येतो. सायको दहा वर्षांच्या पोराला दाखवू नये, एवढं मी स्पष्ट सांगते. ते रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं हे आधी सांगून ठेवलं तरी उपयोग होत नाही, कारण न्हाणीघरातल्या प्रसंगात घाबरवतात ती बर्नार्ड हर्मनची व्हायोलिनं. गंमत म्हणजे हिचकॉकला तिथे संगीतच नको होतं. हर्मननं ते रचून ऐकवल्यावर त्यानं मत बदललं. लहानांसाठी ‘झपाटलेला’ (१९९३) आहे. महेश कोठारेंच्या सिनेमातला, रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला बघून जी मुलं आईच्या कुशीत शिरली होती, ती आता बाप झाली आहेत आणि आपल्या मुलांना ‘काही नाही रे, बाहुला तर आहे’ असं सांगताना स्वतः सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात.

रामसे बंधूंचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ‘पुराना मंदिर’ (१९८४) आम्ही व्हीसीआर भाड्यानं आणून पाहिला होता, रात्रभरात तीन कॅसेटी, तेव्हा सामरीला घाबरलो होतो. आता त्याच्या प्रत्येक एन्ट्रीला घरात हशा होतो. त्यात काही वाईट नाही. पण तिथे शेवट माहीत असलेल्या माणसाला कामच उरत नाही, कारण शेवट सगळ्यांनाच माहीत असतो. म्हणून तो सिनेमा मी पाहुणे फार झाले की लावते.

‘गुमनाम’ (१९६५) तेवढा सांगायचा राहिला. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या ‘अँड देन देअर वेअर नन’वरून बेतलेला: परकी जागा, अडकलेली माणसं, एकेक करून कमी होत जाणारी. त्यात मेहमूद स्वयंपाकघर सांभाळतो, हेलन नाचते, प्राण प्राणसारखाच बघतो, धुमाळ आहेत, मनोजकुमार आहे आणि पुन्हा नंदा आहे. संशय घ्यायला इतकी माणसं दुसऱ्या कुठल्या हिंदी सिनेमात मिळतील असं वाटत नाही, त्यामुळे चिठ्ठ्यांच्या खेळाला तो उत्तम. आमच्या डब्यात त्या रात्री दोन कोऱ्या चिठ्ठ्या आणि सहा वेगवेगळी नावं निघाली. सहाही चूक. बरोबर नाव काय ते मी इथे लिहिणार नाही. फारच राहवत नसेल तर आत्याला विचारा. तिनं कोरी चिठ्ठी टाकली होती, पण तिच्यावर एका नावाखाली बारीक रेघ ओढलेली होती आणि ते नाव तिनं खोडून टाकलं होतं, असं तिचं म्हणणं आहे.