सुईआधीचे एक मिनिट

अंगणवाडीत लसीकरण आहे हे गावात लांबूनच ऐकू येते. गाव बारामती तालुक्यातले असो वा इंदापूर तालुक्यातले, चित्र फारसे बदलत नाही. आत एक टेबल, त्यावर लशींचा थंड डबा, आरोग्यसेविका, हातात यादी घेतलेल्या आशाताई आणि बाहेर कडेवर मुले घेऊन उभ्या असलेल्या आया-आज्या. आतल्या बाळाने टाहो फोडला की बाहेरची मुले सुई न बघताच रडू लागतात. दीड वर्षाच्या मुलाला आडवे पाडून एक जण पाय धरतो, दुसरा हात. आजी म्हणते, ‘काही नाही, मुंगी चावली!’ लस टोचली जाते, कार्डावर नोंद होते आणि पुढचे नाव पुकारले जाते.

आरोग्य खात्याच्या दृष्टीने इथे काम संपते. मुलाच्या बाजूने मात्र ते संपलेले नसते. जोर करून धरलेले मूल पुढच्या वेळी अंगणवाडीच्या फाटकापासूनच हातपाय झाडू लागते, कारण मोठी माणसे दाबून धरतात आणि मग दुखते, एवढे त्याला पक्के कळलेले असते. काही मुलांची ही भीती मोठेपणीही जात नाही. रक्त तपासायचे म्हटले की टाळाटाळ करणारी अनेक मोठी माणसे आपल्या आसपास असतात, ती अशाच मुलांतून घडतात.

सुया तरी किती?

सध्याच्या राष्ट्रीय वेळापत्रकानुसार बाळाला पहिल्या वर्षात सुमारे १२ वेळा सुई टोचली जाते. त्यातल्या तीन-तीन दीड महिन्याच्या, साडेतीन महिन्यांच्या आणि नऊ महिन्यांच्या भेटीत एकाच दिवशी असतात. पुढे दीड-दोन वर्षांच्या वयात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर, पाच-सहा वर्षांचे असताना पुन्हा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस. ताप आला की रक्ततपासणी, पडल्यावर टाके, जुलाब वाढले की सलाइन, हे वेगळेच. टाइप-१ मधुमेह झालेल्या मुलाला तर रोज सुई घ्यावी लागते.

या भागात आणखी एक गट आहे. गाळप हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. त्यांतील मुलांना दर हंगामात नवे गाव आणि नवी सिस्टर. गावातल्या मुलाला निदान आशाताईंचा चेहरा ओळखीचा असतो, या मुलांना तेवढाही आधार नसतो.

लक्ष वळवल्याने दुखणे खरेच कमी होते का?

होते. याला केवळ मुलाला फसवणे समजणे चूक आहे. शरीरातून येणारा वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही, वाटेत मज्जारज्जूत तो कमी-जास्त होतो, अशी मांडणी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये केली. तिचे बारकावे पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या संशोधकांनी २०१२ मध्ये स्कॅनच्या साह्याने पाहिले, की माणूस अवघड स्मरणाच्या कामात गुंतला असेल तर वेदनेला मज्जारज्जूतून मिळणारा प्रतिसादच घटतो. म्हणजे खेळण्यात गुंतलेल्या मुलाला दुखल्याचे ‘वाटत नाही’ एवढेच नव्हे, तर वरपर्यंत पोहोचणारे दुखणेच कमी असते.

मुलांवरचे पुरावेही भरपूर आहेत. सुईशी संबंधित वेदना व भीतीवर कोणते मानसिक उपाय चालतात, याचा कोक्रेन संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला. त्यात २ ते १९ वयोगटातील ५५५० मुलांचा समावेश असलेल्या ५९ चाचण्या होत्या. लक्ष वळवणे हा त्यातील उपयोगी ठरलेल्या उपायांपैकी एक. त्याआधी २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणातील वेदना कमी करण्याविषयी भूमिका जाहीर केली, तीत सहा वर्षांखालील मुलांसाठी हाच उपाय सुचवला आहे.

तरीही तो आपल्या सत्रांत रुळलेला नाही. लहान मुलांचे दुखणे हे दुखणे मानायचीच वैद्यकशास्त्राला फार काळ सवय नव्हती. नवजात बाळांना वेदना नीटशा कळत नाहीत, असे समजून १९८० च्या दशकापर्यंत त्यांच्यावर अगदी जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. तो समज खोडण्यात मोठा वाटा एका भारतीय डॉक्टरचा आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले कंवलजीत आनंद यांचे ऑक्सफर्डमधील संशोधन १९८७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुरेशी वेदनाशामके मिळालेली बाळे शस्त्रक्रियेतून अधिक चांगली सावरतात, हे जगाला मान्य करावे लागले.

मग करायचे काय?

बाळ अंगावर पीत असेल तर सर्वांत चांगला उपाय आईपाशीच आहे. तोंडाने द्यायचे थेंब आधी द्यावेत, मग बाळाला पाजायला घ्यावे आणि पाजतानाच सुई टोचावी. मध चाटवण्याची जुनी सवय मात्र इथे नको. एक वर्षाखालील बाळाला मध देणे धोक्याचे आहे.

त्याहून मोठ्या मुलाला आडवे पाडू नये. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला आईच्या मांडीवर छातीशी धरावे, त्यापुढच्याला सरळ बसू द्यावे. जावळ काढताना आपण बाळाला मामाच्या मांडीवर बसवतो. त्यात रीत आहे तशी समजही आहे. लक्ष वळवायला महागडे काही लागत नाही. साबणाचे फुगे, खुळखुळा, भिंतीवरच्या तक्त्यातला हत्ती शोधायला सांगणे, ‘तुमच्या गोठ्यात म्हशी किती?’ असा एखादा प्रश्न. फुगे फुंकण्याचा दुहेरी फायदा होतो, कारण मूल आपोआप लांब श्वास सोडते. मोबाइलवरचे गाणेही चालते, फक्त नंतर मोबाइल परत घेताना होणारे रडे सुईच्या खाती टाकू नये!

यात वेळ महत्त्वाची असते. सुई दिसल्यावर खुळखुळा वाजवून उपयोग नाही. मूल आधीच खेळात शिरलेले हवे, सुई निघाल्यावरही खेळ चालू राहायला हवा. काही मुलांना सुई बघायचीच असते. त्यांचे तोंड जबरदस्तीने फिरवू नये.

‘काही नाही झालं’ का म्हणू नये?

कारण मुलाला काहीतरी झालेले असते. ‘घाबरू नको’, ‘काही नाही’ अशा धीर देणाऱ्या वाक्यांनी मुलांचा त्रास कमी न होता अनेकदा वाढतो, असे अभ्यासांत वारंवार आढळले आहे. भीतिदायक काहीतरी येत आहे, याची ती सूचनाच ठरते. उलट मोठ्यांनी सुईव्यतिरिक्त दुसऱ्या विषयावर गप्पा मारल्या, थट्टा केली तर मुले सावरतात. मूल विचारते, ‘दुखेल का?’ उत्तर खरे द्यावे: थोडे दुखेल, लगेच थांबेल, तोवर आपण फुगे फुंकू.

आणि ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील’ ही घराघरातली धमकी तर बंदच व्हायला हवी. वर्षभर ज्याला बागुलबुवा म्हणून उभे केले, त्याच्याकडे आजारपणात मूल हसत कसे जाईल?

आरोग्यसेविकांची अडचण खरी आहे. एका सत्रात मुलांची रांग, लशींचा हिशेब, कार्ड, यू-विनवरची ऑनलाइन नोंद, त्यात फुगे कोणी फुंकायचे? टोचणाऱ्या हाताने ते करायचेच नाही. सत्राला आशाताई आणि अंगणवाडी सेविका असतातच. त्यातील एकीकडे हे काम ठरवून द्यावे, रांगेतल्या मुलांना टेबल दिसणार नाही असा पडदा लावावा, एवढ्याने फरक पडेल. मूल शांत असेल तर धरपकडीत जाणारा वेळही वाचतो. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील बालरोग आणि जनऔषध विभागांनी दोन्ही तालुक्यांतील सेविकांना एका दुपारचे प्रशिक्षण दिले, तरी सुरुवात होईल. याला वेगळा निधी लागत नाही. कोणीतरी ते कामाच्या यादीत लिहायला हवे.

हा उपाय कुठे अपुरा पडतो?

भाजलेल्या जखमेचे ड्रेसिंग, खोल टाके, मोडलेले हाड बसवणे अशा ठिकाणी खेळणे हे भुलेला पर्याय नाही. अमेरिकेत भाजलेल्या रुग्णांना आभासी बर्फाच्या प्रदेशात नेणारा ‘स्नोवर्ल्ड’ हा खेळ बनवला गेला. तोही औषधांच्या जोडीला वापरतात, औषधांऐवजी नाही. खर्च वाचवण्यासाठी ‘कार्टून लावा आणि टाके घाला’ असे कोणी करू लागले, तर तो मुलांवर अन्यायच ठरेल.

कुत्रा चावलेल्या मुलाच्या बाबतीत हे सगळे एकत्र येते. जखम खोल असेल तर पहिल्याच दिवशी तिच्यात आणि भोवती सीरम टोचावे लागते, आणि ते फार दुखते. तिथे गप्पा, आईची मांडी आणि शक्य तिथे वेदनाशामक, सगळेच लागते. त्वचेत दिली जाणारी रेबीजची लस घ्यायला त्याच मुलाला तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा यायचे असते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते, त्यामुळे यातला एकही डोस चुकवून चालत नाही. पहिल्या दिवशी चौघांनी दाबून धरलेल्या सहा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून, एसटीने पुन्हा दवाखान्यात आणायचे असते, आणि ते काम त्याच्या आईलाच करायचे असते.