पस्तीस विजय आणि त्यामागचे घाट

३ जुलै २०२४ रोजी फ्रान्समधल्या सँ-व्हुल्बा या गावी सायकलपटू मार्क कॅव्हेंडिशने टूर द फ्रान्समधला आपला ३५वा टप्पा जिंकला आणि एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. अभिनंदनाच्या पाठोपाठ जुनी कुरकुरही आलीच. मर्क्सने डोंगरात टप्पे जिंकले, एकट्याने घड्याळाशी झुंजून जिंकले, पाच वेळा अख्खी टूर जिंकली. हा मात्र सपाट रस्त्यावर, दुसऱ्यांच्या आडोशाने येऊन शेवटचे दोनशे मीटर तेवढे पळाला. दोघांची तुलना करू नये, इथपर्यंत ही कुरकुर रास्त आहे. स्प्रिंटरचा विजय हलका असतो, हे मात्र साफ चूक आहे.

आधी ते दोनशे मीटरच पाहू. ताफ्यात पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिले की वाऱ्याचा मार कितीतरी कमी होतो, म्हणून स्प्रिंटरला दिवसभर लपवून आणले जाते. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये त्याचे सहकारी त्याच्यापुढे एकामागे एक रांग धरतात. पहिला जीव तोडून ओढतो आणि बाजूला होतो, मग दुसरा, मग तिसरा. एचटीसी संघात हे शेवटचे ओढण्याचे काम ऑस्ट्रेलियाचा मार्क रेनशॉ करायचा. २००९च्या टूरच्या अखेरच्या दिवशी पॅरिसमध्ये या जोडीचा वेग असा होता की कॅव्हेंडिश पहिला आला आणि त्याला सोडून बाजूला झालेला रेनशॉ दुसरा!

कॅव्हेंडिश तसा बुटकाच. आंद्रे ग्रायपेल किंवा मार्सेल किटेल या प्रतिस्पर्धी स्प्रिंटरांच्या मांड्यांत त्याच्यापेक्षा अधिक ताकद होती. पण तो कोपरे वाकवून इतका खाली झुके की नाक जवळजवळ पुढच्या चाकावर यायचे. वाऱ्याला अडवायला अंगच उरत नसे. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपासच्या वेगात, दोन्ही बाजूंना खांदे घासत असताना, या अवस्थेत सायकल सरळ ठेवायची आणि फट दिसताच तिच्यात घुसायचे. सँ-व्हुल्बाला त्याने एका चाकामागून दुसऱ्या चाकामागे जात वाट काढली. त्याच्याहून सुमारे तेरा वर्षांनी लहान असलेला यास्पर फिलिपसन दुसरा आला.

आता घाटांकडे वळू. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. तो मान योग्यच आहे. पण घाटात सर्वांत मागे राहिलेल्याची गोष्ट कुणी सांगत नाही, आणि टूरमधल्या स्प्रिंटरचे निम्मे आयुष्य तिथेच जाते.

टूरमध्ये प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांहून जास्त उशीर झाला की दुसऱ्या दिवशी शर्यतीत जागा नाही. डोंगराच्या टप्प्यात पुढचे गडी शिखराच्या दिशेने निघून गेले की जड बांध्याचे स्प्रिंटर मागे एकत्र होतात आणि हिशेब मांडत चढतात: अजून किती घाट, किती मिनिटे, उतारावर किती वेळ वाचवता येईल. २०१८ साली ला रोझिएरच्या चढावर हा हिशेब चुकला. कॅव्हेंडिश विजेत्यापेक्षा तासाहून जास्त मागे राहिला आणि बाद झाला. त्याच दिवशी किटेल आणि रेनशॉही बाद झाले. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या टप्प्यात फर्नांडो गाव्हिरिया, डिलन ग्रुनेवेगन आणि ग्रायपेल यांनी शर्यत सोडली. दोन दिवसांत टूरमधले सगळ्यांत वेगवान पाच स्प्रिंटर घरी गेले. पुढच्याच वर्षी, १४ टप्पे नावावर असलेल्या किटेलने ३१व्या वर्षी निवृत्ती घेतली. स्वतःला असे पिळून काढण्याची इच्छाच त्याच्यात उरली नव्हती. त्याला कमकुवत म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

कॅव्हेंडिशवरही ती वेळ आली होती. २०१७ साली एपस्टीन-बार विषाणूचा संसर्ग निघाला. त्याच वर्षी व्हितेलमध्ये पीटर सागानशी झालेल्या धडकेत खांद्याचे हाड मोडले. २०१८ साली नैराश्याचे निदान झाले. २०२०च्या गेंट-वेव्हेल्गेमनंतर कॅमेऱ्यासमोर तो रडला. ही कदाचित शेवटची शर्यत, असे त्याला वाटत होते. पुढच्या वर्षी संघातला सॅम बेनेट जखमी झाला म्हणून ऐनवेळी कॅव्हेंडिशला टूरला नेले, आणि त्याने चार टप्पे जिंकून कार्कासोनमध्ये मर्क्सला गाठले. २०२२ साली संघाने टूरसाठी त्याला निवडलेच नाही. २०२३ साली निवृत्ती जाहीर करून तो टूरला उतरला आणि आठव्या टप्प्यात पडून गळपट्टीचे हाड मोडून बसला. निवृत्ती मागे घेऊन तो आणखी एक वर्ष थांबला.

ते वर्ष टूरच्या पहिल्याच दिवशी संपायला आले होते. फ्लॉरेन्स ते रिमिनी टप्प्यात उन्हाने त्याला ओकाऱ्या झाल्या. ताफा पुढे निघून गेला आणि अस्ताना संघातले सहकारी मागे थांबून त्याला वेळेच्या मर्यादेत शेवटापर्यंत घेऊन आले. त्यांना स्वतःला यातून काही मिळणार नव्हते. पाचव्या दिवशी मिळालेला विजय या पहिल्या दिवसावर उभा आहे. तो एकट्याचा नव्हता आणि फुकटचा तर नव्हताच. विक्रमाचा तक्ता फक्त ३५ हा आकडा दाखवतो. रिमिनीच्या रस्त्यावरचे ते तास मोजल्याशिवाय त्या आकड्याचे वजन करू नये.

विक्रम झाल्यावर कॅव्हेंडिश घरी गेला असता तरी कुणी बोट दाखवले नसते. टूरचे सोळा टप्पे बाकी होते. पिरेनीज होते, नंतर २,८०२ मीटर उंचीचा बोनेट घाट होता. तो हे सगळे चढला. ऑलिम्पिकमुळे त्या वर्षी टूर पॅरिसऐवजी नीसमध्ये संपली, तीही घड्याळाविरुद्धच्या शर्यतीने. तिथे स्प्रिंटरला जिंकण्यासारखे काहीच नव्हते. २१ जुलैला त्याने तीही पुरी केली.