निसरडे ते सारेच वंगण नव्हे

अंटार्क्टिकाजवळ मॅकमर्डो साउंड नावाचा समुद्रभाग आहे. तेथे बर्फाच्या थराखालील पाण्याचे तापमान उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. या पाण्यात उतरून जीवसृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ‘ड्राय सूट’ घालतात. हा पोशाख आतून कोरडा राहतो. आतील हवा व उबदार कपडे शरीराची उष्णता राखतात. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असल्याने आत पाणी शिरले, तर अंग झपाट्याने गारठते. म्हणून या पोशाखाची जलाभेद्य झिप फार महत्त्वाची.

ही झिप ताठर असते. ती सहज सरकावी म्हणून वंगण लावावे लागते. “वंगणच ना? मग मिळेल ते तेल लावा,” असे कोणी म्हणेल. आमच्या मते ही समजूत घातक आहे. पदार्थ किती निसरडा आहे हे पाहण्याआधी तो कोणत्या वस्तूला लागणार आहे, हे पाहिले पाहिजे.

या पोशाखाच्या मनगटाच्या व गळ्याच्या पट्ट्या पुष्कळदा लेटेक्सच्या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या असतात. रबर हे हायड्रोकार्बन आणि खनिज तेलही हायड्रोकार्बनच. त्यामुळे तेल रबरात शिरते, रबर फुगते व दुबळे होते. हाताला लागलेली पेट्रोलियम जेली या पट्ट्यांपर्यंत सहज पोहोचते. तेव्हा ती आणि यंत्राचे तेल दोन्ही बाद!

यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “पितळी दातांच्या झिपवर पॅराफिनचे मेण घासतात. तेही हायड्रोकार्बनच की!” शंका रास्त आहे. पण मेण घन असते. त्याचे लांबलचक रेणू सहसा रबरात शिरत नाहीत, दातांवरच राहतात. शिवाय ग्रीसप्रमाणे मेणाला वाळूही फारशी चिकटत नाही.

मग सिलिकोन? ते लेटेक्सला फुगवत नाही. प्लॅस्टिकच्या झिपचा रनर बंद होताना जेथे टेकतो, त्या टोकाला सिलिकोनचे थोडे ग्रीस लावतात. परंतु सिलिकोनचा फवारा मारला, तर तो आजूबाजूच्या कापडात मुरतो. पुढे झिप बदलताना तेथे चिकटद्रव्य धरत नाही. आजची सोय ही अशी उद्याची अडचण ठरते.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. रबरबँडचे दोन सारखे तुकडे मोजून घ्यावेत. एक पाण्यात व दुसरा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या द्रवरूप पॅराफिनमध्ये ठेवावा. दोन-तीन दिवसांनी दोन्ही पुन्हा मोजावेत. तेलातला तुकडा फुगलेला दिसेल.

विद्यार्थिमित्रांनो, चांगले वंगण किंवा वाईट वंगण असे काही नसते. कशासाठी, कोणत्या पदार्थावर आणि पुढे दुरुस्तीचे काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय डबीचे झाकण उघडू नका.