‘गुन्हा मान्य नाही’, याचीही पोच द्या

मागच्या पावसाळ्यात जिंतूर तालुक्यातले एक शेतकरी काका मोटारसायकल घेऊन माझ्या ऑफिसला आले. गाडी दहा वर्षांची. ती भाच्याच्या नावावर करायची म्हणून कागद करायला गेले, तेव्हा कळलं की गाडीवर चलन आहे. साडेतीनशे किलोमीटरवरच्या एका मोठ्या शहरात, विनाहेल्मेट, पाचशे रुपये दंड. काका म्हणाले, “ताई, म्या ही गाडी घेऊन परभणीच्या पलीकडं कवाच गेलो न्हाई.”

चलन बघायचं तर गाडीच्या नंबरासोबत चासी नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. आरसी बुक घरी राहिलेलं. आम्ही दोघं बाहेर आलो. हँडलच्या मानेवर काळी माती वाळून घट्ट बसली होती. काकांनी उपरण्याचं टोक ओलं करून ती घासली, मी मोबाइलचा उजेड धरला आणि एकेक आकडा वाचून लिहून घेतला. चलनाचा फोटो उघडला तर त्यात स्कूटर होती! नंबरपाटीवरचा एक अंक तीन आहे की आठ, हे फोटो कितीही मोठा केला तरी कळत नव्हतं. कॅमेऱ्याने आठ वाचला आणि दंड परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या नावावर पडला.

चूक दोन मिनिटांत दिसली. ती सांगायला तीन दिवस गेले. ओटीपी गेला गाडी घेताना दिलेल्या मोबाइल नंबरावर. ते सिमकार्ड कधीच बंद झालेलं. तो नंबर बदलून घेण्यात एक दिवस गेला. तक्रारीचा अर्ज इंग्रजीत. मोटारसायकलचा फोटो जोडला तर फाइल मोठी आहे म्हणून परत आला. लहान करून जोडला तोवर वेळ संपली आणि पान पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं. शेवटी ‘तक्रार नोंदवली’ एवढी ओळ आली. तक्रार क्रमांक नाही, तारीख नाही, उत्तर किती दिवसांत मिळेल ते नाही. या तिन्ही दिवसांत एकच गोष्ट न अडखळता चालू होती, ती म्हणजे ‘दंड भरा’ हे बटण.

महिनाभर वाट पाहून काकांनी पाचशे रुपये भरले, कारण गाडीचे कागद अडले होते. पावती हातात घेऊन ते म्हणाले, “यात माझं म्हणणं कुठं लिहिलंय?” मी वीस वर्षं वकिली करते आहे. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ई-चलन यंत्रणेला माझा विरोध नाही. महाराष्ट्रात २०१६ मध्ये मुंबईपासून ती सुरू झाली आणि पुढे राज्यभर पोचली. चौकात बाजूला घेऊन चालणारी चिरीमिरी तिने कमी केली आणि दंडाचा पैसा थेट सरकारी खात्यात जाऊ लागला, हे चांगलंच झालं. हेल्मेट न घातल्याने गेलेली तरणीताठी पोरं मी अपघाताच्या दाव्यांच्या फायलींत पाहिली आहेत. नियम कडकच हवेत. पण कडक नियमाला चूक दुरुस्त करण्याची सोपी वाट लागते आणि ती वाट संकेतस्थळ बांधताना विसरली गेली आहे.

कायदा ती विसरलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पोचली पाहिजे, तिच्यासोबत गुन्हा आणि नंबरपाटी स्पष्ट दिसणारा फोटो हवा, ठिकाण-तारीख-वेळ हवी, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं, असं तो सांगतो. बंद सिमकार्डावर गेलेला मेसेज म्हणजे पोचलेली नोटीस, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल घ्यायला न्यायालयाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. स्क्रीनवर मात्र चार वर्षांपूर्वीचं चलन आणि कालचं चलन एकाच रांगेत ‘बाकी’ म्हणून दिसतं.

‘पाचशेच तर आहेत, भरून टाका,’ असं लोक सहज म्हणतात. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७मध्ये पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा झालं तर १५००पर्यंत. विमा नसेल तर कलम १९६खाली पहिल्यांदा २०००, दुसऱ्यांदा ४०००. न केलेला गुन्हा आज कंटाळून मान्य केला, की उद्याच्या खऱ्या चुकीला तोच माणूस ‘दुसऱ्यांदा’ ठरू शकतो.

वकिलांची अडचण आणखी वेगळी. एकाच गाडीचं चलन राज्याच्या संकेतस्थळावर एकीकडे, केंद्राच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर दुसरीकडे, ऑनलाइन चालणाऱ्या व्हर्च्युअल कोर्टात तिसरीकडे आणि नियमित न्यायालयात गेलं की ई-कोर्ट्सवर चौथीकडे शोधावं लागतं. चलन क्रमांकाने एक सापडतं, दुसऱ्यासाठी न्यायालयातल्या प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक लागतो. ई-फायलिंगला वकिलाला स्वतःचं खातं आहे, वकीलपत्र जोडता येतं. चलनाच्या कामात मात्र पक्षकाराला शेतातून फोन करून ओटीपी विचारावा लागतो. बनावट चलनाच्या लिंका पाठवून लोकांची खाती रिकामी केली जात असताना आम्हीच त्यांना ओटीपी सांगायला लावायचं, हे मनाला पटत नाही.

व्हर्च्युअल कोर्टाची कल्पना चांगली आहे. आपल्या राज्यात नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे दंड भरणं आणि प्रकरण लढवणं, असे दोन्ही पर्याय आहेत. पण लढवतो म्हटलं की प्रकरण जातं ते जिथे गुन्हा घडला म्हणतात तिथल्या न्यायालयात. पाचशे रुपयांसाठी जिंतूरहून साडेतीनशे किलोमीटर कोण जाईल? ऐन कापूस वेचणीत दोन दिवस मोडून कुणीच जाणार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३०ने कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायला परवानगी दिलेली आहे. मग काकांनी जिंतूरच्या न्यायालयातूनच व्हिडिओवर आपली मोटारसायकल का दाखवू नये?

कुणी म्हणेल, नकार सोपा केला तर सगळेच नाकारतील. मला तसं वाटत नाही. ज्याच्या फोटोत त्याचाच चेहरा आणि त्याचीच गाडी स्पष्ट दिसते, तो भांडत बसत नाही. भांडतो तो, ज्याला फोटोत परकी स्कूटर दिसते.

पूर्वी कुठल्याही कार्यालयात कागद दिला की आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मिळायचा. अडाणी माणूसही ती पोच घडी करून खिशात ठेवायचा, कारण आपण बोललो होतो याचा तो पुरावा असे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ने अधिसूचित सेवांसाठी हाच हक्क कायद्यात आणला. अर्ज केला की क्रमांक मिळतो आणि कामाला मुदत असते. दाखल्यासाठी जे मिळतं, ते ‘हा गुन्हा माझा नाही’ म्हणणाऱ्याला का मिळू नये?

म्हणून माझं मागणं साधं आहे. ‘दंड भरा’ या बटणाशेजारी तेवढ्याच आकाराचं ‘मान्य नाही’ हे बटण मराठीत द्या. ते दाबलं की क्रमांक, तारीख आणि मुदत असलेली पोच मिळू द्या. निकाल लागेपर्यंत त्या चलनापायी गाडीचे कागद अडवू नका. तक्रार नाकारली तर कारण लिहा. वकीलपत्र जोडून वकिलाला आपल्या खात्यातून हे करू द्या. आणि संकेतस्थळ सुरू करण्याआधी ते मुंबईतल्या वातानुकूलित खोलीत तपासून थांबू नका. जिंतूर, पालम, सोनपेठच्या सेवा केंद्रात, बाजाराच्या दिवशी, साठीच्या एखाद्या शेतकऱ्याला समोर बसवा आणि त्याच्या गाडीवरचं चुकीचं चलन त्याला स्वतःला नाकारता येतं का, ते पाहा. त्याला ते जमेपर्यंत यंत्रणा पूर्ण झाली असं म्हणू नका.