सरड्याचा फलाहार

श्रावण लागला की बडोद्यातील मराठी घरांत फलाहाराला उधाण येते. सोमवार झाला की शनिवार, शनिवार झाला की एकादशी. साबुदाणा, वरी, रताळी आणि केळी यांची स्वयंपाकघरात नुसती रेलचेल. गेल्या श्रावणात मात्र एका अशा जिवाला फलाहार घडला, की ज्याने कोणतेही व्रत घेतले नव्हते. त्या पापात आमचाही वाटा असल्याने ती हकीकत वाचकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या शाळेतील सातवीचा एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत बुटांचा खोका घेऊन आमच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. झाकणाला भोके पाडलेली. आत एक फांदी, आणि फांदीला चिमट्यासारखी बोटे रोवून, शेपटीची गुंडाळी करून बसलेला हिरवा प्राणी. एक डोळा आमच्याकडे, दुसरा त्या मुलाकडे. मेंदीच्या कुंपणात सापडला, म्हणाला. इकडे गुजरातीत ‘काचिंडो’, हिंदीत ‘गिरगिट’, आणि आपल्याकडे सरडगुहिरा किंवा घोयरा. बागेत मान हलवीत बसणारा नेहमीचा सरडा तो हा नव्हे; हा शॅमेलिऑन.

‘‘सर, हा काय खातो?’’

आम्ही एम. ए. झालो ते मराठी घेऊन. परंतु ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द मुख्याध्यापकाच्या तोंडून निघणे फार कठीण. ‘‘झाडावर राहतो, रंगाने हिरवा आहे, पालक दे, पपई दे,’’ असे आम्ही ठोकून दिले. मुलगा समाधानाने गेला, आणि आम्ही हजेरीपत्रकात डोके घातले.

पाचव्या दिवशी तो पुन्हा आला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. ‘‘सर, मी रोज ताजी पपई देतो. तो बघतो, पण खात नाही.’’ संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. खोक्यात पपईची फोड, पेरूचे काप, पालकाची दोन पाने आणि डाळिंबाचे दाणे अशी आरास होती. पाण्याची वाटीही होती. मधोमध तो प्राणी. रंग काळवंडलेला, डोळे आत गेलेले, बरगड्यांच्या रेषा दिसू लागलेल्या. मुलाची आजी म्हणाली, ‘‘मास्तर, आम्ही काही कमी केलं नाही हो. शेजारचा मुलगा म्हणाला, याला नाकतोडे घाला. पण श्रावणात एकाचा जीव घेऊन दुसऱ्याला जेवू घालायचं, हे माझ्या मनाला पटेना.’’ त्या माउलीच्या शब्दांत कपट नव्हते. निर्मळ दया होती. आणि त्या दयेनेच तो जीव उपाशी मरत होता.

त्या रात्री आम्ही पुस्तके काढून बसलो. हे काम पाच दिवसांपूर्वीच करावयास हवे होते. भारतात आढळणारा हा सरडगुहिरा कीटकभक्षी आहे. नाकतोडे, माश्या, रातकिडे हे त्याचे अन्न. त्याची जीभ त्याच्या शरीराहून लांब असते. निमिषार्धात ती सुटते आणि चिकट टोकाला भक्ष्य घेऊन परतते. हे अस्त्र सुटते ते हलणाऱ्या वस्तूवर. पपईची फोड हलत नाही! वाटीतले स्थिर पाणीही त्याला पाणी वाटत नाही. पानांवरचे दंव आणि पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवितो. म्हणजे भरल्या ताटाशी तो उपाशी होता आणि भरल्या वाटीशी तहानलेला.

मग फळे खाणारा शॅमेलिऑन नसतोच काय? असतो. येमेन आणि सौदी अरेबियातील, डोक्यावर उंच तुरा असलेली एक जात कीटकांबरोबर पाने, फुले आणि फळेही खाते. परदेशांत घरोघरी पाळली जाते ती बहुधा हीच, आणि मोबाईलवरच्या चित्रांत फूल चघळताना दिसते तीही हीच. तेथील जाणकारही फळभाजी हे तिचे मुख्य जेवण मानीत नाहीत. त्यांची युक्ती मोठी मार्मिक आहे: गाजर, हिरवा पाला हे सरड्याला न घालता आधी रातकिड्यांना घालतात, आणि ते पोटभर जेवलेले रातकिडे सरड्याला देतात. भाजीचा कस असा एका पोटातून दुसऱ्या पोटात पोहोचतो. रातकिड्यांत चुना कमी, म्हणून त्यांच्यावर चुन्याची पूड भुरभुरतात. तीही उन्हावाचून अंगी लागत नाही, आणि हाडे मऊ पडतात. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सुचविलेला पालक तर असलेला चुनाही अडवून धरतो!

त्याच वाचनात आमच्या आणखी दोन समजुती गळाल्या. हा प्राणी विषारी नाही. त्या खोट्या भयापोटी खेड्यांत कित्येक सरडगुहिरे मारले जातात. आणि तो केवळ लपण्यासाठी रंग बदलतो असेही नाही. ऊन, थंडी, राग, भय हे सारे त्याच्या रंगात उमटते. त्याचे काळवंडणे हे बहुधा गाऱ्हाणेच असावे. आम्हांला ते वाचता आले नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे, हेही त्या मुलाला आम्हीच आधी सांगावयास हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका जाणत्या प्राणिमित्राला बोलावले. त्याने जीव तपासला, अजून धुगधुगी आहे म्हणाला, आणि सापडला तेथेच सोडण्याचा सल्ला दिला. मुलाने खोका मेंदीच्या कुंपणाशी नेला. नुकतीच सर येऊन गेली होती. झुलत झुलत तो प्राणी फांदीवर चढला, थांबला, आणि पानावरचा एक थेंब त्याने चाटला. मग दुसरा. मग तिसरा. मुलगा काही बोलला नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. त्या दिवशी मात्र कुंपण गाठणे हेच त्याचे भाग्य होते. पुढे तो जगला की नाही हे आम्हांस कळले नाही. पुन्हा कोणाला दिसला नाही, एवढे खरे.

भागवताच्या दशम स्कंधात नृग राजाची कथा आहे. असंख्य गाई दान देणारा हा राजा. पण एका ब्राह्मणाला दिलेली गाय चुकून कळपात परत आली आणि ती त्याने दुसऱ्याला दिली. हेतू शुद्ध होता, चौकशी मात्र राहून गेली. त्यापायी तो सरडा होऊन द्वारकेजवळच्या विहिरीत पडला, आणि श्रीकृष्णाचा हात लागेपर्यंत तेथेच राहिला. देणाऱ्याचे मन निर्मळ असले म्हणजे दान फळतेच असे नाही. घेणाऱ्याचे पोटही ओळखावे लागते. तीस वर्षे ही कथा आम्ही वर्गात सांगत आलो. ती आम्हांला समजली मात्र बुटांच्या खोक्यापाशी.

गेल्या आठवड्यात तोच विद्यार्थी पुन्हा दाराशी आला. ‘‘सर, सुगरणीची पिल्लं काय खातात?’’

‘‘ठाऊक नाही,’’ आम्ही म्हणालो. ‘‘खुर्ची ओढ. आपण दोघे मिळून शोधू.’’