माझी वेलांटी कुठं सांडली?

मैत्रिणींनो, केक छान फुगतो, वरचं आयसिंगही गुळगुळीत बसतं, आणि शेवटी नाव लिहायला घेतलं की हात थरथरतो. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकींना असेल. मला तो भर पाहुण्यांत आला.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांचा वाढदिवस आजवर कुणी केलाच नव्हता, म्हणून आधार कार्डावरची तारीख धरली. त्यांचं नाव पंढरपूरच्या आईसाहेबांचं. मी फळ्यावर रोज लिहिणारी. म्हटलं, तीन अक्षरं काय ती! पण 'णी'ला जागाच उरली नाही आणि वेलांटी केकच्या कडेवरून खाली घसरली. सासूबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या चाळिशीनंतर. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झालं, त्यानंतर गावोगावी वर्ग भरले, त्यातल्याच एका वर्गात. बोट धरून त्यांनी नाव वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, माझी वेलांटी कुठं सांडली?" सगळे हसले, त्या मात्र हसल्या नाहीत. एवढ्या कष्टानं कमावलेलं नाव त्यांना पुरतं हवं होतं.

त्या रात्रीच मी स्टीलची थाळी पालथी घालून सरावाला बसले. तेव्हापासून जे उमगलं ते सांगते.

आधी जागा मोजा. केकच्या डब्याचा तळ कागदावर ठेवून गोल काढा. कडेनं एक-एक इंच सोडा आणि उरलेल्या जागेत नाव लिहा. अक्षरं मोजू नका, त्यांची रुंदी बघा. 'क्मि'ची पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, 'णी'ची दुसरी नंतर. दोघींनाही जागा लागते. वर मात्रा, खाली उकार, म्हणजे आपली ओळ तीनमजली. म्हणून सहा इंची केकवर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' कोंबण्यापेक्षा नुसतं नाव ठसठशीत लिहावं. कागदावरचं नाव बटर पेपरवर उतरवा, तो केकवर अलगद धरा आणि टूथपिकनं बारीक टोचे द्या.

इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात, आपली वरच्या रेघेला लटकतात. तेव्हा टोचे वरच्या ओळीचे हवेत. आधी अक्षरं लिहा आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी एका दमात ओढा. थोडी वाकडी अक्षरंही त्या रेघेनं सरळ दिसतात. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं आठवा. इवल्या जागेत नाव कसं तोलून बसवायचं, ते त्यांच्याकडून शिकावं.

अक्षरांचं आयसिंग फुलांच्या आयसिंगपेक्षा सैल असावं. बिनमिठाचं लोणी 50 ग्रॅम, आयसिंग शुगर 100 ग्रॅम आणि दूध चहाचा एखादा चमचा, तेही थेंबाथेंबानं. साखर मलमलीतून दोनदा चाळा, नाहीतर एक गुठळी कोनाचं तोंड बंद करते. रेघ तुटली तर आयसिंग घट्ट आहे, पसरली तर पातळ. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि लोण्याची अक्षरं पाघळतात. त्या दिवसांत आयसिंग शुगर नुसत्या पाण्यात दाटसर कालवून लिहावं. गडद अक्षरं हवी असतील तर रंगाऐवजी चाळलेली कोको पावडर घाला.

बटर पेपरचा कोन मेंदीच्या कोनासारखाच वळा, अर्धाच भरा आणि टोक टाचणीच्या डोक्याएवढं कापा. हाताच्या उबेनं लोणी वितळतं, म्हणून कोन रुमालात धरावा. टोक केकला टेकवू नका. रांगोळीची रेघ आपण वरून सोडतो, तशीच ही अर्धा इंच वरून सोडायची. दाब एकसारखा ठेवा. अक्षर संपलं की आधी दाब थांबवा, मग हात उचला, म्हणजे शेपूट राहत नाही. फळ्यावर लिहिताना खांद्यापासून हात फिरतो, तसाच इथंही फिरवा. नुसतं मनगट फिरवलं की रेघ थरथरते.

चुकलंच तर लगेच पुसू नका. केक दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि घट्ट झालेलं अक्षर टूथपिकनं उचलून काढा. सरावाचं आयसिंगही वाया जात नाही. थाळीवरून खरवडायचं आणि पुन्हा कोनात भरायचं. रोज दहा मिनिटं, आठ दिवस पुरतात.

यंदा नाव मधोमध बसलं, दोन्ही वेलांट्यांसकट. सासूबाईंनी बोट फिरवून ते वाचलं, मान डोलावली आणि सगळ्यांना केक वाटला. 'णी'चा तुकडा मात्र त्यांनी कुणाला दिला नाही.